‘काही नाही हो’ म्हणण्याचा अधिकार

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे पाय माझ्या हातात असतात. गुडघ्यासाठी येणाऱ्या एका काकांच्या टाचेवर मला काळा डाग दिसला. कडा वेड्यावाकड्या, रंग कुठे फिका, कुठे गडद.

“काका, हा कधीपासून?”

“चप्पल लागली असेल गं.”

“हो, काही नाही हो,” म्हणत मी व्यायाम सुरू केला.

रात्री झोप येईना. मेलॅनोमा म्हणजे गोऱ्या लोकांचा आजार, असं आपण धरून चालतो. आपल्यासारख्या त्वचेत तो कमी होतो. पण झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. बॉब मार्लेच्या पायाच्या बोटात तो १९७७ साली सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१मध्ये, ३६व्या वर्षी, तो गेला.

सकाळी काकांना फोन केला. “काल मी उगाच बोलले. स्किनच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.”

बायोप्सी झाली. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही. रिपोर्ट चांगला आला. त्यांची मुलगी मला म्हणाली, “तुमचं काम गुडघ्याचं ना?”

तिचा राग खोटा नव्हता. जर्मनीत २००८पासून ३५ वर्षांवरच्या लोकांना दर दोन वर्षांनी त्वचा तपासून घेता येते. आठ तासांचं प्रशिक्षण घेतलेले फॅमिली डॉक्टरही ती तपासतात. पण अशा सरसकट तपासणीने मृत्यू खरंच कमी होतात का, यावर अजून एकमत नाही. विनाकारण भीती आणि खर्च मात्र नक्की होतो.

पण शोधत फिरणं वेगळं आणि दिसल्यावर नजर वळवणं वेगळं. शिवाय रिपोर्ट चांगला आला म्हणून माझं पहिलं वाक्य बरोबर ठरत नाही. ते बोलताना मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त अवघडलेपण टाळायचं होतं. ‘मी तज्ज्ञ नाही’ म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाने ‘काही नाही’ म्हणणं, हा तर तज्ज्ञाचाच निर्णय झाला. तो मला न विचारता मी देऊन टाकला होता.

आता डाग दिसला की विचारते: कधीपासून आहे, वाढलाय का, रंग बदललाय का. मग “मला यातलं कळत नाही, पण दाखवून घ्या,” एवढंच.

काका अजून येतात. हल्ली मोजे आधीच काढून बसतात.