परतीचा विवेक

‘माघार’ हा शब्द आपल्या मराठी मनाला फारसा रुचत नाही. शाळेच्या पुस्तकांपासून सभांतील भाषणांपर्यंत आपण कौतुक ऐकत आलो ते पुढे जाणाऱ्याचे. परत फिरलेल्याचे नाव सहसा कुणी घेत नाही. घेतलेच तर खालच्या सुरात. पण मागे वळणे हा नेहमीच भित्रेपणा असतो का? आणि नसेल, तर वळावे केव्हा, हे ओळखायचे कसे? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आहे, तसाच तो डोंगरातल्या आडवाटेने जीप हाकणाऱ्या चालकापुढेही आहे.

वर्धा जिल्हा म्हटले की डोळ्यांपुढे कपाशीचे सपाट काळे रान येते. परंतु आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत सातपुड्याच्या टेकड्या उतरल्या आहेत. गरमसूरसारखे गाव तर उंचावरच वसले आहे. डांबरी सडक सोडून पांदणवाटेला लागले की गाडीची आणि माणसाची परीक्षा सुरू होते. चढावर सुटा मुरूम आणि गोटे, उतारावर काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते; पावसाच्या एका सरीनंतर ती चाकाला अशी लपेटते की चाक फिरते आणि गाडी जागची हलत नाही. वर पाऊस झाला की खाली कोरडा दिसणारा नाला घटकेत भरतो आणि रपट्यावरून पाणी वाहू लागते.

अशा वाटांवर मुरलेले चालक काही नियम पाळतात. अनोळखी चढ असेल तर ते आधी उतरून पायी वर जाऊन येतात. चढावर गाडी अडलीच, तर ती तिथल्या तिथे वळवीत नाहीत. आडवी झालेली गाडी उलटते. रिव्हर्स गिअर टाकून, क्लचवरचा पाय काढून, इंजिनच्या आधाराने ती सरळ मागे खाली घेतात. रपट्यावरचे पाणी केवळ गुडघाभर आहे, म्हणून ते फसत नाहीत. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना उचलून नेण्यास पुरेसे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतायचे कुठून, हे ते निघतानाच ठरवून ठेवतात. चाके रुतल्यावर घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, ती अगतिकता असते.

मग इतकी साधी गोष्ट आपल्याला अवघड का जाते? एक तर झालेला खर्च आपल्याला मागे खेचू देत नाही. ‘इतके आलो, आता थोडक्यासाठी परतायचे?’ वास्तविक आलेली वाट ही पुढच्या वाटेच्या सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. दुसरे कारण म्हणजे सोबत्यांची नजर. तिसरे, आणि सर्वांत फसवे, म्हणजे ध्येयाचे सान्निध्य. ९ जानेवारी १९०९ रोजी अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर पोहोचले होते. तिथवर तोपर्यंत कोणीही गेले नव्हते. पण उरलेले अन्न जाण्यापुरते होते, येण्यापुरते नव्हते. ते वळले, आणि त्यांच्यासह चौघेही जिवंत परतले. ध्रुवावर पहिले पाऊल १९११ मध्ये दुसऱ्याचे पडले. जगाने त्यांना पराभूत म्हणावे की नाही, हे त्या तीन सोबत्यांच्या घरच्यांना विचारले असते तर उत्तर निराळे मिळाले असते.

यावर कोणी श्रद्धावंत वाचक आक्षेप घेईल, की नांगराला हात घालून मागे पाहू नये, ही तर प्रभूचीच शिकवण. ती खरीच. पण त्याच प्रभूने बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले, आणि थोडे सैन्य असलेल्या राजाला वेळीच तहाची बोलणी करण्याचा शहाणपणा दाखविला. या दोहोंत विरोध नाही. नांगर म्हणजे दिलेले वचन. बुरूज म्हणजे आखलेली योजना. वचनाशी एकनिष्ठ राहावे, योजनेच्या आहारी जाऊ नये. विवाह, दीक्षा, साक्ष ही वचने आहेत. ती पांदणवाटेप्रमाणे सोडता येत नाहीत. अर्थात वचनाच्या नावाखाली कुणी निमूट छळ सोसत राहावे, असा याचा अर्थ नव्हे. ख्रिस्तसभेच्या परंपरेने विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हटले आहे. रथ कितीही वेगवान असो, लगाम धैर्याच्या हाती नसतो, विवेकाच्या हाती असतो.

वर्ध्याच्या भूमीला या विवेकाचे एक मोठे उदाहरण जवळचे आहे. फेब्रुवारी १९२२ मध्ये बारडोलीचा सत्याग्रह सुरू होण्याच्या बेतात असताना चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटविले आणि पोलिसांचे प्राण गेले. गांधीजींनी चळवळच थांबविली. तुरुंगातले सहकारीही नाराज झाले. तो निर्णय योग्य होता का, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. परंतु त्यांनी वाट सोडली, ध्येय सोडले नाही. पुढे तेच गांधीजी सेवाग्रामला येऊन राहिले आणि जुलै १९४२ मध्ये वर्ध्याच्याच बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. जो थांबू शकतो, त्याच्या पुढे जाण्याला वजन येते.

आपल्या घरांतही अशा वाटा असतात. मुलाला न झेपणारी शाखा, लग्नपत्रिका छापल्यावर मनात उठलेली शंका, पहिले कर्ज फेडण्यासाठी काढलेले दुसरे. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला पाऊस, बाजारभाव आणि कर्ज यांनी कसे घेरले, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आहोत. त्याच्या दुःखाला गर्वाचे नाव देणे हा अन्याय होईल. पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने त्याची परतीची वाट अधिक अरुंद केली, याचा विचार आपण करायला हवा.

कारण गाडी वळवायची तर चालकाचे शहाणपण पुरेसे नसते; वाटेला वळण्याइतकी रुंदी लागते. ती रुंदी शेजारी, नातलग आणि धर्मग्राम यांनी राखायची असते. शिक्षण सोडून आलेल्या मुलीला, मोडलेल्या व्यवहारातून रिकाम्या हाताने परतलेल्या भावाला पहिला प्रश्न ‘का परतलास?’ हा असू नये. उधळ्या पुत्राने परतण्याचे धाडस केले, कारण बापाच्या घरी मजुरालाही पोटभर मिळते, एवढे त्याला ठाऊक होते. आपल्या घराविषयी आपल्या मुलांना एवढी खात्री आहे काय?