घरचा कर्ता कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दत्तजयंतीच्या सप्ताहात गुरुचरित्राचं पारायण मी बरीच वर्षं करतो आहे. बँकेतला कारकून, त्यामुळे काटेकोरपणा अंगात मुरलेला. नेम कधी चुकवला नाही. पण पोथी वाचली म्हणजे ती समजली असं नाही, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं.

भाद्रपदातला महालय होता, वडिलांची तिथी. मी गुरुजींना आणायला गेलो. परत येतो तर दारात एक म्हातारी जेवत बसलेली. पानात खीर, वडे, सगळं. अजून पिंडदान नाही, ब्राह्मण जेवलेले नाहीत! मी गुरुजींच्या देखत हिला बोललो, "घरात कर्तं माणूस कोण आहे? विचारायचं तरी!" ही एवढंच म्हणाली, "अहो, त्या कालपासून उपाशी होत्या."

पुढे विधी सुरू झाला. पिता, पितामह, प्रपितामह यांची नावं मी घडाघडा सांगितली. मग माता, पितामही. प्रपितामहीपाशी गाडी अडली. पणजीचं नाव काही केल्या आठवेना. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून हिनेच ते सांगितलं. आमच्या आईने जाण्यापूर्वी तिला सांगून ठेवलं होतं. मी मान खाली घालून पाणी सोडलं, पण 'चुकलो' म्हणालो नाही.

मार्गशीर्षात पारायणाला बसलो. चौथ्या अध्यायात अत्रिऋषी अनुष्ठानाला गेले आहेत आणि तीन अतिथी आश्रमात येऊन भोजन मागताहेत. पती घरी नाहीत म्हणून अनसूयामातेने त्यांना विन्मुख पाठवलं नाही. निर्णय तिने घेतला, आणि त्यातूनच आपल्याला दत्तप्रभू लाभले.

पाचवा अध्याय पीठापूरच्या आपळराज आणि सुमती यांचा. अमावास्या, घरी श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे आहेत, आणि अतिथी दारात उभा. सुमतीमातेने पतीला न विचारता भिक्षा घातली. तो अतिथी म्हणजे प्रत्यक्ष दत्त. तिला त्यांनी 'जननी' म्हणून हाक मारली. तीच हाक खरी करा, एवढं तिने मागितलं आणि श्रीपाद श्रीवल्लभ तिच्या पोटी आले.

इथे माझा आवाज अडखळला. हा अध्याय किती वेळा वाचला असेन! पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला आपळराज दिसले. बायकोने श्राद्धाचं अन्न आधीच वाढलं हे कळल्यावर ते रागावले नाहीत, संतोषले. मी त्यांच्या जागी असतो तर?

मंडळी, वाडवडिलांचा मान आपण ठेवतोच, ठेवायलाच हवा. पण पुष्कळ घरांच्या वंशावळीत मूळपुरुषाचं नाव ठळक असतं आणि त्याच्या बायकोचं नावच नसतं. श्राद्धाचा विधी मात्र तिला विसरत नाही. दोघांचीही नावं घेऊन पाणी सोडायला लावतो. राज्यकारभारातही हेच दिसतं. मल्हारराव होळकर मोहिमेवर असत तेव्हा मागचा कारभार सूनबाई अहिल्याबाई पाहत. 1766 साली मल्हारराव गेले. पुढे राज्य सावरलं ते तिनेच. सुनेवर विश्वास टाकला, यात सासऱ्याचा मोठेपणा काही कमी झाला नाही.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. एकीने तो उघडत नाही. नोकरीभर हे रोज पाहिलं, आणि घर मात्र माझ्या एकट्याच्या किल्लीवर चालतं असं समजत राहिलो.

पारायणात मध्येच उठायचं नसतं, म्हणून त्या दिवसाचं वाचन पुरं केलं. पोथीला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "महालयाच्या दिवशी माझं चुकलं." ही म्हणाली, "इतक्या दिवसांनी? बसा, पान वाढते."

गेल्या वर्षी महालयाला गुरुजी येण्याआधीच मी हिला सांगितलं, दारात कुणी आलं तर माझी वाट पाहू नकोस. आणि पणजीचं नाव आता वहीत लिहून ठेवलं आहे, आजीच्या आणि आईच्या नावासकट. सुनेलाही ती वही दाखवली आहे.

आपल्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांची नावं आपल्याला येतात का? या दत्तजयंतीला एवढं जरूर विचारून पाहा. आणि ज्या माउलीला विचारायचं, ती अजून घरात असेल तर उशीर करू नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!