खोटा काटा

ठाऊक असलेली गोष्ट एखादा माणूस ऐन वेळी विसरला आणि त्या विसरण्यामुळे दुसऱ्यावर संकट ओढवले, तर त्यास दोषी म्हणावे काय? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकत असताना हा प्रश्न आम्ही पुस्तकात वाचला होता आणि परीक्षेत त्याचे उत्तर लिहून गुणही मिळवले होते. पुढे एका जुन्या जीपने तोच प्रश्न आम्हांला पुन्हा विचारला, तेव्हा ते पाठ केलेले उत्तर कामी आले नाही.

२००३ सालची ही गोष्ट. आमच्या वापरात असलेल्या डिझेल जीपचा इंधनाचा काटा निम्म्याच्या किंचित वर कायमचा उभा होता. टाकी काठोकाठ भरा वा तळ गाठू द्या, तो हलत नसे. मेकॅनिकने कारण उलगडून सांगितले. टाकीत डिझेलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. डिझेल घटले की तो खाली उतरतो, त्याला जोडलेली दांडी विजेच्या रोधाच्या पट्टीवरून सरकते आणि त्यानुसार चालकासमोरचा काटा वर-खाली होतो. आमच्या जीपमध्ये ती दांडीच अडकून बसली होती. दुरुस्तीसाठी टाकी उतरवावी लागणार होती. खर्च फारसा नव्हता. गाडी दोन दिवस अडकून पडली असती, इतकेच. आम्ही ते काम पुढे ढकलले.

तोडगाही सोपा सापडला. एका लहान वहीत किलोमीटर लिहायचे आणि दर दोनशे किलोमीटरला वीस लिटर डिझेल भरायचे. ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्या, त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या स्कूटरना काटा नसेच. इंजिन आचके देऊ लागले की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. तेही संपले की स्कूटर एका बाजूला कलती करून उरलेसुरले पेट्रोल इंजिनाकडे वळवायचे आणि पंप गाठायचा. आमची वही तर याहून कितीतरी भरवशाची होती. दोन वर्षांत आम्ही एकदाही रस्त्यात अडकलो नाही. हळूहळू काट्याकडे पाहणेच सुटले. तो खोटा आहे हे आम्ही नाकारीत नव्हतो; त्याचे खोटेपण आमच्या नजरेतूनच पुसले गेले होते.

जुलै महिन्यातील एका रात्री, अकराच्या सुमारास, शेजारचा एक तरुण भिजत दाराशी आला. त्याच्या आईला श्वास लागला होता आणि वाहन मिळत नव्हते. आम्ही किल्ली दिली, टॉर्च दिला, रेनकोट दिला. काट्याविषयी मात्र एक शब्द बोललो नाही. वही खणात होती. तिचा अर्थ आमच्याखेरीज कोणासच ठाऊक नव्हता. वाटेत एक पंप उघडा होता. मुलाने काट्याकडे पाहिले, अर्धी टाकी आहे असे समजून तो पुढे गेला. तीन-चार मैलांवर जीप बंद पडली. डिझेलच्या अशा गाडीत इंधन संपले की नळीत हवा शिरते. मग कॅनभर डिझेल आणून ओतले तरी ती हवा हातपंपाने काढल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. मुलाला यातले काही माहीत नव्हते. तासाभराने दुधाचा एक टेम्पो थांबला. त्या माउलीस त्यातून इस्पितळात नेले. पाच दिवसांनी ती घरी परतली.

दुसऱ्या दिवशी मुलगा किल्ली परत करावयास आला. तो म्हणाला, “फादर, माफ करा. गाडी माझ्याच हातून बंद पडली. काय बिघडलं कळलंच नाही. काटा तर अर्ध्यावर होता.” त्याने दोष दिला असता तर सोसणे सोपे गेले असते. आम्ही त्यास सांगितले, “काटा दोन वर्षे खोटा आहे, बाबा. आम्हांला ते ठाऊक होते.” तो काही क्षण आमच्याकडे पाहत राहिला, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

आम्ही विसरलो, हे सत्य होते. हेतू वाईट नव्हता. मध्यरात्रीच्या घाईत कोणीही विसरला असता. पण या बचावाने मनाचे समाधान होईना. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात मद्यपीचे उदाहरण घेतले आहे. नशेत असलेल्या माणसास आपण काय करतो हे कळत नाही. तरीही तो सुटत नाही, कारण नशा न करणे त्याच्या हाती होते. अज्ञानाचे मूळ ज्याचे त्याच्यापाशी असेल, तर ते अज्ञान त्यास वाचवीत नाही. आम्हांला वाटते, विस्मरणासही हेच लागू आहे. माणूस विसरतो हे आम्हांस ठाऊक होते. म्हणूनच ज्या दिवशी दुरुस्ती पुढे ढकलली, त्याच दिवशी इतरांसाठी सूचना लिहून ठेवणे आमचे कर्तव्य होते. आमचा दोष त्या रात्रीचा नाही. तो दोन वर्षे जुना आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट २००५ रोजी, इटलीतील बारीहून ट्युनिशियाला निघालेले एटीआर-७२ जातीचे विमान सिसिलीनजीक समुद्रात उतरवावे लागले. ३९ जणांपैकी १६ जण दगावले. त्या विमानात इंधनदर्शक बसवला होता तो एटीआर-४२ या लहान विमानाचा. टाक्या रित्या होत असता तो इंधन शिल्लक दाखवीत राहिला. याउलट २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका बोइंग-७६७ विमानाचे इंधनदर्शक कोरेच होते, आणि ते वैमानिकांना ठाऊकही होते. इंधन पट्टीने मोजले गेले, पण हिशेबात किलोच्या जागी पौंड धरले गेल्याने ते निम्म्याहूनही कमी भरले. दोन्ही इंजिने बंद पडलेले ते विमान वैमानिकांनी गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवले, सारे वाचले. कोरा दर्शक चूक टाळतोच असे नाही. परंतु निदान मोजून पाहण्याची आठवण तरी देतो. खोटा दर्शक ती संधीही देत नाही. आमचा काटा दुसऱ्या प्रकारचा होता आणि तो खोटा आहे हे जाणणारे एकटे आम्हीच होतो.

ती माउली वाचली म्हणून आमचा दोष उणा झाला, असे आम्ही मानीत नाही. टेम्पो वेळेवर आला, त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

वाचकहो, असे काटे घरोघरी असतात. जिन्याची सैल पायरी आपण न चुकता ओलांडतो. पाहुणा तिच्यावरच पाय ठेवतो. फ्रिजला हात लावताच झटका बसतो, म्हणून आपण रबरी चप्पल घालून तो उघडतो. सुट्टीला आलेले भाचरू अनवाणी धावत जाते. ज्या दोषाशी आपण जुळवून घेतो, तो आपल्यापुरता नाहीसा होतो. दुसऱ्यासाठी तो जसाच्या तसा उभा असतो. आपल्या जुळवून घेण्याची किंमत मग तोच मोजतो.

मुलगा गेल्यावर आम्ही कागदाच्या चिठोऱ्यावर ‘हा काटा खोटा आहे, वही पाहा’ असे लिहून ते काट्यावर चिकटवले. पुढच्या आठवड्यात टाकी उतरवून दुरुस्तीही झाली. चिठोरे लिहून चिकटवण्यास एक मिनिटही लागले नव्हते.