व्यष्टीचे गुपित आणि समष्टीचे ज्ञान

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांच्या नोंदी संगणकावरील विदासंचात, म्हणजे ठिकठिकाणची माहिती एकमेकींशी पडताळता यावी अशा साठ्यात, जमा होऊ लागतात, तेव्हा समष्टीच्या हितासाठी व्यष्टीविषयी किती जाणून घ्यावे, हा नैतिक प्रश्न उभा राहतो. ‘वेदान्तसार’ या ग्रंथात समष्टी आणि व्यष्टी यांचा संबंध वन आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताने उलगडला आहे. वनाचे ज्ञान मिळवताना वृक्ष तोडला जाऊ नये, एवढी अट त्यातून खचितच निघते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या प्रहरी सर्वेक्षणात, म्हणजे निवडक केंद्रांवर ठरावीक काळाने होणाऱ्या पाहणीत, गरोदर स्त्रीचे सिफिलिसच्या तपासणीसाठी घेतलेले रक्त उरले की त्यावरची ओळख काढून टाकून एचआयव्हीची चाचणी करण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती, आणि एका केंद्रावर 3 महिन्यांत 400 नमुने घेण्याचे लक्ष्य असे. संमती मागितली असती तर नकार देणाऱ्या स्त्रिया गणनेतून निसटून अंदाज चुकला असता, हे समर्थन वजनदार आहे. परंतु नमुना बाधित निघाला तरी तो कोणाचा हे कोणालाच कळत नसे, आणि उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याची 15 ते 45 टक्के असलेली शक्यता औषधांनी 5 टक्क्यांखाली आणता येते, हे ध्यानात घेतले की त्या अज्ञानाची किंमत फार मोठी ठरते. म्हणूनच त्याच रुग्णालयात समुपदेशनासह, संमतीने आणि विनामूल्य होणारी चाचणी प्रत्येकीला खरोखर उपलब्ध असेल, तरच ही निनावी मोजणी न्याय्य म्हणता येते.

कन्हानकाठच्या मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे औष्णिक वीजकेंद्र आणि नागपूर–भंडारा महामार्ग यांमुळे परगावच्या कामगारांची व मालमोटारचालकांची ये-जा असते, अडचण निराळी आहे. गाव, वय आणि व्यवसाय एवढे तीनच रकाने एकत्र आले तरी नाव नसलेली नोंद शेजाऱ्याला ओळखता येऊ शकते. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकली आहे. तिचा अर्थ केवळ संगणकाला परवलीचा शब्द लावणे असा संकुचित घेतला जाऊ नये. गावपातळीवरचे लहान आकडे तालुक्याच्या बेरजेत मिसळावेत, आणि नावापर्यंत पोचण्याची मुभा उपचार करणाऱ्यालाच असावी, आकडेमोड करणाऱ्याला नव्हे.