टायरमधला कार्बन

मराठवाड्यातल्या पाथरीवरून कल्याण-निर्मल महामार्ग जातो. गळीत हंगामात या भागात उसाने लादलेले ट्रक, ट्रॅक्टर आणि टायरगाड्या कारखान्याची वाट धरतात. बैलगाडीसुद्धा आता रबरावर चालते. रिमोल्ड करूनही पुन्हा गोटा झालेला टायर शेवटी भंगारात जातो, नाहीतर एखाद्या रास्ता रोकोत पेटतो. तो धूर पाहिला की वाईट वाटतं, कारण जळतो तो टायरमधला सगळ्यात मोलाचा भाग.

टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. त्याच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा हाच. घरोघर दिव्याच्या ज्योतीवर ताट धरून काजळ धरत, तसंच हेही. फक्त इथे खनिज तेलाचे जड अंश अपुऱ्या हवेत जाळतात. रायगडमध्ये पाताळगंगेला असा कारखाना आहे. काजळीच्या या कणांवाचून रबर फार लवकर झिजेल. म्हणजे प्रत्येक टायरमागे तेल आधीच खर्ची पडलेलं असतं.

बंद भट्टीत, हवा न लागू देता, चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवलं की टायरचं तेल, वायू, पोलादी तार आणि काळी भुकटी होते. ही पायरोलिसिस. आपल्याकडे हे कारखाने मुख्यतः तेलासाठी चालतात. भुकटी मागे उरते, स्वस्तात जळण म्हणून विकली जाते आणि आसपासच्या घरांवर, पिकांवर बसते. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ अशा एका कारखान्यात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन मुलं गेली. पायरोलिसिससाठी जुने टायर आयात करायला २०२२ च्या नियमांनी बंदी घातली होती. तरी त्या कारखान्यात युरोपातले टायर येत होते, असं बीबीसीने दाखवलं.

ही भुकटी म्हणजे मुख्यतः तोच कार्बन; ती मुळात टाकाऊ नाही. तिच्यात जस्त, सिलिका, गंधक अडकलेलं असतं; ते काढून बारीक दळली तर ती पुन्हा रबरात वापरता येते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २०१४ मध्ये टायरच्या चुऱ्यावर आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली, मग तो तापवला. निघालेला कार्बन लिथियम बॅटरीच्या ऋणाग्रासाठी चालला. तिथे कार्बन हेच उद्दिष्ट होतं, म्हणून कामाचा क्रमच बदलला.

उद्या मराठवाड्यात कुणी असा कारखाना काढायला आलं, तर तेल किती निघेल हे नंतर विचारा. भुकटीचं काय करणार, हे आधी विचारा. उत्तर नसेल तर ग्रामसभेने जागा देऊ नये.