घडवल्याचा दावा

सत्काराला उत्तर देताना माणूस थोडा सैल बोलतो, हे मान्य. तरीही यंदा अमरावतीत एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या गौरव समारंभात जे ऐकवले ते शाल-श्रीफळाच्या भरातले म्हणून सोडून द्यावेसे वाटत नाही. "मी चाळीस अधिकारी घडवले," असे ते म्हणाले. मग आजच्या प्राध्यापकांना शिष्य नाहीत आणि आजच्या पोरांना गुरू नाही, अशी खंत व्यक्त करून त्यांनी शेवटचा पत्ता टाकला: गुरुकुंज ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात गुरूची ही अवस्था! टाळ्या पडल्या. सरांचे नाव मी सांगत नाही. हा दावा काही त्यांच्या एकट्याचा नाही, वऱ्हाडातल्या निम्म्याअधिक गौरवग्रंथांच्या पहिल्या पानावर तो असतोच. फक्त त्यांनी गुरुकुंजाला साक्षीला बोलावले, म्हणून हा खटाटोप.

कारण गुरुकुंज हा साक्षीदार त्यांच्यावरच उलटतो. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला आश्रम उभा केला आणि नावात गुरू ठेवला, हे खरे. पण तिथल्या सामुदायिक प्रार्थनेला बसून पाहा. समोर कुणाची मूर्ती नसते. असते ते अधिष्ठान. महाराजांना स्वतःला गुरू होते, वरखेडचे आडकोजी महाराज, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. मात्र त्यांनी मागे ठेवले ते सेवा मंडळ. १९५५च्या ग्रामगीतेत त्यांनी जीवनशिक्षणावर अख्खा अध्याय लिहिला, बुवाबाजीवर कोरडे ओढले, आणि शिकलेला माणूस गावाच्या काय कामाचा हे पुन्हा पुन्हा विचारले. कोणी कोणाला घडवले याची वही तिथे मला सापडली नाही. आता आश्विन वद्य पंचमीला ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसे महाराजांसाठी मौन उभी राहतात, समाधीपुढे वाकतात. भक्त हे भक्तच असतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते मस्टरवर सही करून पगार घेणाऱ्या आणि वरून भक्तीचीही अपेक्षा ठेवणाऱ्याशी.

जिल्ह्यातले दुसरे थोर नाव घ्या. गाडगेबाबा आयुष्यभर सांगत फिरले की मी कुणाचा गुरू नाही आणि मला कुणी शिष्य नाही. पाया पडायला आलेल्याला ते जवळ येऊ देत नसत. गंमत अशी की विदर्भातल्या दोन मोठ्या विद्यापीठांना याच दोघांची नावे आहेत: १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे, आणि १९२३च्या नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे. एकाला शाळा मिळालीच नाही, दुसरा प्राथमिक शाळेपलीकडे गेला नाही. ज्या माणसाने शिष्य नाकारले त्याच्या नावाच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या अर्जावर मार्गदर्शकाची सही मिळवायला पोरे चकरा मारतात. यावर बाबा काय म्हणाले असते ते वाचकांनी आपापल्या वऱ्हाडीत कल्पून घ्यावे.

बरे, त्या चाळीस अधिकाऱ्यांचा हिशेबच मांडू. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत एका प्राध्यापकासमोर बी.ए.च्या वर्गांतून हजारो मुले बसतात. त्यांतली चाळीस अधिकारी झाली, ती सरांनी घडवली. मग द्वितीय वर्षाला कॉलेज सोडून कपाशीवर फवारणी करायला गेलेला कुणी घडवला? एमपीएससीचे प्रयत्न सोडून आता तिवशाच्या कृषी सेवा केंद्रात बिले फाडणारा कुणाचा शिष्य? लग्न ठरले म्हणून परीक्षेच्या महिनाभर आधी वर्गातून नाहीशी झालेली, पहिल्या बाकावरची ती मुलगी कोणत्या गौरवग्रंथात आहे? यश आपल्या खात्यावर आणि अपयश परिस्थितीच्या, असा जमाखर्च सावकारालाही जमला नसता.

इथवर मी खुशीत होतो. पण या विषयावर वऱ्हाडात बोलायला लागले की समोरचा दुसऱ्याच मिनिटाला एक नाव काढतो आणि तिथे थांबावे लागते: बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे कोलंबियाचे प्राध्यापक जॉन ड्यूई. प्राध्यापकाच्या व्याख्यानाने माणूस घडत नाही म्हणता, मग हे काय?

आक्षेप भक्कम आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथे सेलिग्मन अर्थशास्त्र शिकवत, ड्यूई तत्त्वज्ञान. वीस वर्षांनंतरही ते ऋण उतरले नव्हते. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात ते ड्यूईंना आपले शिक्षक म्हणतात आणि त्यांचे ऋण मान्य करतात. जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते पुन्हा न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ड्यूई नुकतेच, १ जूनला, वारले होते. भेट राहून गेल्याची हळहळ बाबासाहेबांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आणि आपल्या बौद्धिक आयुष्याचे सारे श्रेय ड्यूईंना दिले. याहून मोठे प्रशस्तिपत्र कुठल्या प्राध्यापकाला मिळाले असेल?

पण याच बाबासाहेबांनी आपले गुरू म्हणून जाहीरपणे तीन नावे सांगितली: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. तिघांपैकी एकालाही त्यांनी पाहिलेले नव्हते. फुले वारले नोव्हेंबर १८९०मध्ये आणि आंबेडकर जन्मले पुढच्या एप्रिलात. ज्याच्या वर्गात प्रत्यक्ष बसले तो ड्यूई या यादीत नाही. मला यात कृतघ्नता दिसत नाही, विलक्षण नेमकेपणा दिसतो. आयुष्य कशावर उभे करायचे ते त्या तिघांकडून घेतले आणि प्रश्न कसा सोडवायचा ते ड्यूईकडून. या दोन देण्यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. त्यांची पुस्तके उघडली तरी हेच दिसते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली आला. प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे, अर्पणपत्रिका मात्र सयाजीरावांना. शिकवणाऱ्याला प्रस्तावनेचा मान आणि फी भरणाऱ्याला अर्पणपत्रिका. आपल्याकडे गुरुमहिमा गाणारे या अर्पणपत्रिकेचा उल्लेख करताना मी अजून ऐकले नाही.

याहून मला आवडतो तो एडविन कॅनन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला हा प्राध्यापक. रुपयाच्या प्रश्नावरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला, त्याला कॅननने प्रस्तावना लिहिली. तीत विद्यार्थ्याशी आपले जिथे जुळत नाही ते त्याने सरळ लिहून टाकले आणि तरीही त्याच्या मांडणीतल्या ताजेपणाला दाद दिली. सुवर्ण विनिमय पद्धतीवर दोघांची मते उलटी होती. विद्यार्थी हटला नाही, प्राध्यापक रागावला नाही, प्रस्तावना छापली गेली. आजच्या एखाद्या मार्गदर्शकाची कल्पना करा: आपल्या विरुद्ध निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधावर तो सही करील? प्रस्तावना लांब राहिली. पोराचा 'प्रगती अहवाल' पुढच्या बैठकीपर्यंत टेबलावरून हलणार नाही.

तेव्हा आक्षेप मान्य, पण अर्धाच, असे म्हणून मी निसटू शकलो असतो. अडचण निराळीच आहे. ड्यूई, कॅनन ही मंडळी ज्या विद्यार्थ्याला मिळाली तो स्वतः असामान्य होता. त्याच्यावरून मोझरी-तिवशाच्या सामान्य पोराबद्दल काही सिद्ध होत नाही. या पोराचा विचार करायला लागलो की माझा सुरुवातीचा ताव कमी होतो. त्याच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेले कोणी नाही. तो प्राध्यापकाला अडवतो ते रसविचार समजून घ्यायला नाही. तो विचारतो, "सर, हे नॉन क्रिमीलेअर तहसीलमधी भेटते का सेतूत?" महाडीबीटीचा अर्ज कधी उघडतो, जात पडताळणीला वडिलांच्या शाळेचा कोणता दाखला लागतो, बी.ए. करूनही संख्याशास्त्राकडे वळता येते का, पुण्याला राहायचे तर कोणत्या वसतिगृहाला अर्ज करायचा. शहरातल्या मुलाला हे सारे जेवणाच्या ताटावर कळते. खेड्यातल्याला ते सांगणारा एकच माणूस त्याच्या ओळखीत असतो, आणि तो माणूस आयुष्याची दिशा खरोखर बदलतो. एखाद्या मॅडम मुलीच्या घरी जाऊन चहा घेतात, बापाशी संत्र्याच्या भावावर बोलतात आणि निघताना एम.ए.चा विषय काढतात. बाप तयार होतो. यात शिकवणे कुठे आहे? तरीही पुढची तीस वर्षे त्या चहावर उभी राहतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या शाळेत सतरंजीवर झोपणारा कार्यक्रम अधिकारी जेवढा लक्षात राहतो तेवढे त्याचे वर्गातले तास राहत नाहीत.

वऱ्हाडाला हे कळलेले होते. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर आणि वेदवाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट करून आला. एवढी विद्वत्ता घेऊन तो सुखाने व्याख्याने देत बसला असता. त्याने अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले, आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आधी राहायची सोय, मग ज्ञान. आजही शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या योजनेला त्यांचे नाव आहे. हे नाव एखाद्या व्याख्यानमालेपेक्षा तिथेच शोभते. गाडगेबाबांनी तर पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गुरू व्हायला नकार देणाऱ्याने विद्यार्थ्यांना छप्पर दिले.

याच सोसायटीचे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय, १९५० साली सुरू झालेले, म्हणजे या सगळ्याचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला. म. भि. चिटणीसांसारखा प्राचार्य, अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून आलेले म. ना. वानखडे, 'अस्मितादर्श' चालवणारे गंगाधर पानतावणे. या मंडळींनी पोरांना वाचायला दिले, लिहायला लावले आणि लिहिलेले छापायला नियतकालिक दिले. कृष्णवर्णीय अमेरिकनांचे साहित्य वानखड्यांमुळे नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्या परिसरात, चर्चेला आले. दलित साहित्य त्यांनी 'घडवले' असे म्हणणे हास्यास्पद ठरेल; ते लिहिणाऱ्यांच्या भोगण्यातून आले. पण पानतावण्यांचे अंक निघाले नसते तर त्यातले कितीतरी वहीतच राहिले असते. प्राध्यापकाच्या कामाचे माप मला इथे सापडते. आणि ते काम करायला प्राध्यापकाने वर्षानुवर्षे त्याच कॉलेजात, त्याच खोलीत सापडावे लागते.

नेमके तेच आता उरलेले नाही. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी आणि मेंटॉर यांचे प्रमाण विचारतात, म्हणून प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर फाइल असते. तीत पोरांच्या सह्या, समुपदेशनाच्या तारखा, 'समस्या: नाही' असा शेरा. पथक यायच्या आदल्या आठवड्यात या फायली एका बैठकीत भरल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे, पथकालाही असावे. फाइल भरणारा बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो. त्याला तासाचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही. नेमणूक सत्रापुरती असते आणि पुढच्या जूनमध्ये तो याच कॉलेजात असेल की नाही हे त्यालाही माहीत नसते. तो स्वतः पस्तिशीचा, नेट-सेट झालेला, लग्न अडलेला. तास संपला की दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या कॉलेजात पोहोचायला एसटी गाठायची असते. मुलगी सेतूचा प्रश्न घेऊन थांबलेली असते तेव्हा हा स्टँडवर असतो. "आजच्या प्राध्यापकांना शिष्य नाहीत," ही खंत कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि गौरवग्रंथ मिळालेल्याने करावी, याला निर्लज्जपणा म्हणण्याचे मी टाळतो. आपण घडवलेल्या अधिकाऱ्यांपैकी दोघे-चौघे मंत्रालयात असतील, तर रिक्त पदांची फाइल कुठे अडली आहे एवढे तरी त्यांना फोन करून विचारता आले असते.

एक कडवट बाजू राहिली. वाट दाखवणारा माणूस एकच असला की तो वाट अडवूही शकतो. मार्गदर्शकाच्या घरचे सामान हलवणारे, त्याच्या मुलाला शाळेत सोडणारे, त्याच्या नावाने लेख लिहून देणारे संशोधक विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि वाचकांनीही पाहिले असतील. एकलव्याची गोष्ट आपण गुरुभक्तीची म्हणून शाळेत शिकवतो. ज्याने शिकवले नाही त्यानेच अंगठा मागितला, हे तिच्यातले कथानक मुलांच्या बरोबर ध्यानात येते. म्हणून विद्यार्थ्याला एका गुरूपेक्षा चार ओळखीची दारे हवीत: ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक, दुसऱ्या विभागातल्या मॅडम, दोन वर्षे पुढचा मुलगा. एका दारावर सही मिळाली नाही तर दुसरे उघडे असावे.

तेव्हा मागणी साधी आहे. महाविद्यालयांतल्या रिक्त जागा पूर्णवेळ भरा. तोवर तासिकेवरच्या माणसाला बाराही महिने पगार द्या आणि बसायला एक खोली द्या. मेंटॉर फाइल बंद करा. आणि ज्यांच्या सत्काराच्या तयारीला विद्यार्थी लागले आहेत अशा सर्व ज्येष्ठ प्राध्यापकांना विनंती, की गौरवग्रंथासाठी जमलेली वर्गणी त्याच कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाला द्या, आणि पावतीवर आपले नाव घालू नका.