झोपलेल्याचं दार

खेळात केलेलं पाप हे पाप असतं का? हा प्रश्न मला कुठल्या पोथीने घातला नाही, रस्ट नावाच्या एका ऑनलाइन खेळाने घातला. उत्तर शोधायला मात्र पोथीकडे जावं लागलं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात कानडी ऐकत वाढलो. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला इथे आले, आई बिड्या वळायची. मी दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघतो आणि रात्री, घरातली निजानीज झाली की, संगणकासमोर बसतो. वेळ घालवण्यासाठी नव्हे. माणसं एकमेकांशी कशी वागतात हे इतकं उघडं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

रस्ट हा फेसपंच या ब्रिटिश कंपनीचा खेळ. 2013 च्या डिसेंबरात तो अपुऱ्या रूपात लोकांच्या हाती आला, 2018 च्या फेब्रुवारीत पुरा झाला. तुम्ही एका बेटाच्या किनाऱ्यावर जागे होता. हातात एक दगड आणि एक मशाल, बाकी काही नाही. भूक लागते, तहान लागते, थंडीने जीव जातो. लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, भिंती उभ्या करायच्या, दाराला चार आकडी कुलूप लावायचं. त्याच बेटावर शेकडो खरी माणसं हेच करत असतात, आणि त्यांच्यातल्या कुणीही तुम्हाला मारून तुमचं सगळं न्यावं याला खेळाची मनाई नाही. सगळ्यात विलक्षण नियम झोपेचा आहे. तुम्ही संगणक बंद करून अंथरुणावर गेलात तरी खेळातलं तुमचं शरीर तिथेच झोपून राहतं. तुम्ही नसताना दार फोडून लुटायला येणं याला खेळाडू ऑफलाइन रेड म्हणतात.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. 2015 मध्ये या खेळाने प्रत्येकाला त्वचेचा रंग आपणहून ठरवून दिला आणि 2016 मध्ये बाई की पुरुष हेही ठरवून दिलं. खात्याला एकदा मिळालेलं रूप बदलता येत नाही. जगभर पुष्कळ खेळाडू चिडले. मला त्यात अन्याय दिसला नाही. जन्म कुणालाच निवडता येत नाही. वागणं निवडता येतं. ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याचे चोखोबा होऊन गेले, तिथल्या माणसाला हे नव्याने शिकवावं लागू नये.

सोलापुरात अशा खेळांची ओळख मोबाइलवरून झाली. पार्क चौकात, सात रस्त्याला, कॉलेजच्या कट्ट्यावर पबजी खेळणारी चौकडी दिसली नाही असा दिवस नव्हता. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने त्यावर बंदी घातली आणि 2021 च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने परतला. त्यातही एक सुंदर गोष्ट आहे: साथीदार पडला की त्याला उठवायला जवळ जाऊन काही सेकंद बसावं लागतं आणि तेवढा वेळ आपण स्वतः उघड्यावर, नि:शस्त्र असतो. पण तो डाव अर्ध्या तासात मिटतो. रस्टमध्ये तेच शेजारी दिवसेंदिवस शेजारी राहतात. शब्द द्यायला, पाळायला आणि मोडायला तिथे पुरेसा अवधी असतो.

आम्ही चौघे एकत्र खेळतो. विजापूर रोडला डिप्लोमा करणारा एक पोरगा, शाळेपासूनचा माझा एक मित्र, पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ आणि मी. आमच्या घरापासून नदीपलीकडे एक परदेशी खेळाडू एकटाच राहायचा. त्याचं इंग्रजी तोडकं, माझंही तोडकं. पहिल्या रात्री आम्ही थंडीने मरायला टेकलो होतो तेव्हा त्याने आम्हाला कापड आणि शिजवलेलं मांस दिलं. त्याच्या दाराला हात लावणार नाही, असा शब्द मी त्याला दिला. पुढे आमच्याकडे स्फोटकं जमली, आणि एका रात्री डिप्लोमावाला म्हणाला, “अण्णा, नदीपलीकडचा ऑफलाइन आहे. दोन दारं उडवली की सगळं आपलं.”

“त्याला शब्द दिलाय,” मी म्हणालो.

“शब्द काय, गेमच आहे की.”

मित्र म्हणाला, “आपण नाही फोडलं तर दुसरं कोणीतरी फोडणारच. मग माल आपल्याकडेच आलेला बरा.” मावसभाऊ बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “मला पटत नाही. पण तुम्ही जाणार असाल तर मी येतो.” मी म्हणालो, जाणार असाल तर मी टीम सोडतो. ते गेले नाहीत, पण वाद पुढे कित्येक रात्री चालला. हे लेखन म्हणजे त्या वादातली माझी बाजू, सलग मांडलेली.

समोरच्याच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. खेळातलं मारणं ही हिंसा नाही. कबड्डीत पाय धरून पाडलं म्हणून कुणी पोलिसांत जात नाही. पाडलं जाणार हे मान्य करूनच गडी मैदानात उतरतो. रस्टमध्ये उतरणारा प्रत्येक जण मारला जाण्याला, लुटला जाण्याला आधीच राजी असतो. तेव्हा असे खेळ खेळून मुलं खुनी होतात, ही ओरड मला चुकीची वाटते.

पण शब्दाचं तसं नाही. या खेळात लाकडी दाराची ताकद ठरलेली आहे, लोखंडी दाराची ठरलेली आहे, कोणत्या भिंतीला किती स्फोटकं लागतात तेही ठरलेलं आहे. दिलेल्या वचनासाठी मात्र खेळात काहीच नाही. नदीपलीकडच्याने आमच्यावर ठेवलेला विश्वास संगणकाने तयार केलेला नव्हता. तो त्याने स्वतः, खरोखरचा ठेवला होता. भिंती खोट्या, लाकूड खोटं, मांस खोटं. विश्वास तेवढा खरा. म्हणून तो मोडला तर खराच मोडतो. आपली परंपरा कर्म काया, वाचा आणि मन या तिन्हींनी होतं असं मानते. बुद्धाने तर चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच कर्म म्हटलं. पडद्यावरच्या खेळात काया नसेल. वाचा आणि मन दोन्ही पूर्ण हजर असतात.

यावर एक बळकट आक्षेप आहे. रस्टमध्ये दगा होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग तोही मान्य केलेल्या नियमांतच आला नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला. दगा होऊ शकतो हे ठाऊक असणं वेगळं आणि दग्याला संमती देणं वेगळं. जो मला वैरी समजून भिंत बांधतो, त्याला चकवणं हा खेळ. जो वैराबाहेर येऊन म्हणतो, तू आणि मी लढायचं नाही, त्याने आमच्यापुरता एक निराळा करार केलेला असतो. तो करार मोडताना खेळाचे नियम दाखवणं म्हणजे एका न्यायालयातला गुन्हा दुसऱ्या न्यायालयात नेऊन सोडवून घेणं.

महाभारतातलं सौप्तिकपर्व हे नेमकं याच प्रश्नावरचं पर्व आहे. आजोबांना कवी तिक्कनाचं तेलुगू महाभारत आवडायचं, त्यामुळे ही कथा मी लहानपणीच ऐकली होती. दुर्योधन पडलेला आहे. कौरवांकडून अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा एवढेच तिघे उरले आहेत. वडावर निजलेल्या कावळ्यांवर रात्री एक घुबड येतं आणि त्यांना मारून टाकतं. ते पाहून अश्वत्थाम्याला वाट सापडते: पांडवांच्या छावणीवर झोपेत घाला घालायचा. कृपाचार्य अडवतात. झोपलेल्याला, शस्त्र खाली ठेवलेल्याला मारणं हा धर्म नाही, सकाळी लढू, म्हणतात. अश्वत्थामा उत्तर देतो की नियम आधी पांडवांनीच मोडले. शस्त्र टाकलेल्या द्रोणांना त्यांनी मारलं, रथाचं चाक रुतलेल्या कर्णाला मारलं, दुर्योधनाच्या मांडीवर घाव घातला.

त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि तिथेच हे पर्व अवघड होतं. रस्टमध्ये दगा करणारा प्रत्येक जण हेच सांगतो: माझ्याशी आधी कुणीतरी असंच वागलं होतं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. असे हिशेब जोडत गेलं तर प्रत्येक दग्यामागे आधीचा दगा सापडतो आणि पहिला गुन्हेगार कधीच हाती लागत नाही. साखळी तोडायची तर ती कुणाला तरी अशा वेळी तोडावी लागते, जेव्हा पुढची कडी जोडण्याचं सबळ कारण त्याच्या हातात असतं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते कृपाचार्य. विरोध करणारा हा शहाणा माणूस अखेर छावणीच्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि बाहेर पळणाऱ्यांना मारतो. आपल्या टोळीला सोडून राहणं त्याला जमत नाही. मावसभावाचं “मला पटत नाही, पण येतो” ऐकलं तेव्हा माझ्यासमोर तेच दार आलं. क्रूरतेचं काम क्रूर माणसांवर फारसं अडत नाही. न पटूनही सोबत जाणाऱ्यांवर अडतं. त्या रात्री एकाने नाही म्हटल्यावर दुसऱ्यालाही थांबणं सोपं गेलं, हे मी पाहिलं आहे.

आणि शिक्षा काय झाली? कृष्णाने अश्वत्थाम्याला मरण दिलं नाही. तीन हजार वर्षं एकट्याने भटकशील, तुझ्याशी बोलायला कुणी नसेल, असा शाप दिला. दग्याची शिक्षा म्हणजे माणसांपासून तुटणं, हे व्यासांनी ओळखलं. जिथे दिसेल त्याला गोळी हाच रिवाज पडतो, अशा सर्व्हरवर ती शिक्षा सगळे मिळून भोगत असतात. शेकडो माणसं, प्रत्येकाकडे माइक, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

टंचाईत, वर कुणाचा धाक नसताना, माणसं अशीच वागणार, असं काही जण म्हणतात. 1651 मध्ये ‘लेव्हायथन’ लिहिणाऱ्या हॉब्जचं म्हणणं साधारण तेच होतं. आपल्याकडे त्याला मत्स्यन्याय म्हणतात. पण टंचाई सोलापूरकरांना कुणी पुस्तकातून शिकवायला नको. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या वेळी गल्लीत नळाला मोटर लावून शेजाऱ्याच्या वाटचं ओढणाराही असतो आणि आपल्या बोअरची पाइप शेजाऱ्याच्या हौदात सोडणाराही असतो. टंचाई तीच, गल्ली तीच. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याला बेदरच्या बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा या जिल्ह्यात घरोघर आहे. बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी भक्ती आणि तलाव खोदणं यांत भेद केला नाही. टंचाई फक्त प्रश्न विचारते; उत्तर आपलं असतं.

खेळांतही हेच दिसलं आहे. न्यूझीलंडच्या सैन्यात काम केलेल्या डीन हॉलने 2012 मध्ये डेझी हा खेळ केला. त्याच्या त्या पहिल्या रूपात रक्ताची पिशवी स्वतःची स्वतःला लावता येत नसे, दुसरा माणूस लागायचा. जखमी खेळाडूला कुणा अनोळख्यापुढे हात पसरावा लागे. काही जण अशा जखमींना लुटायचे. आणि त्याच खेळात, कसलंही बक्षीस नसताना, लांबवर धावत जाऊन रक्त देणाऱ्यांचे गटही उभे राहिले.

नदीपलीकडच्याचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. मित्राचं भाकीत खरं ठरलं: काही दिवसांनी दुसऱ्या एका टोळीने त्याचं घर फोडलं. त्याचं सगळं गेलं. “बघ, काय उपयोग झाला?” मित्राने विचारलं. उपयोग हा निकष असता तर मी हरलो होतो. पण नुकसान तेवढंच असूनही दोन गोष्टी एक नव्हत्या. त्यांनी फोडलं तेव्हा त्याचं घर गेलं. आम्ही फोडलं असतं तर घर गेलं असतं आणि ठोठावायला एक दारही उरलं नसतं. तो हातात दगड घेऊन आमच्याच दाराशी आला आणि लाकूड मागितलं.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व्हर पुसला जातो. खेळाडू त्याला वाइप म्हणतात. भिंती, कुलपं, पेट्या, सगळं नाहीसं होतं आणि प्रत्येक जण पुन्हा किनाऱ्यावर दगड घेऊन उभा राहतो. वेदान्त म्हणतो की प्रलयातही जीवाचं कर्म नष्ट होत नाही, पुढची सृष्टी ते बरोबर घेऊनच सुरू होते. हे मी तर्काने समजू शकलो नव्हतो, वाइपने समजावलं. लूट कुणाचीच पुढे जात नाही. कुणी शब्द पाळला आणि कुणी मोडला, एवढंच पुढे जातं, कारण ते बेटावर साठवलेलं नसतं, माणसांत साठवलेलं असतं. नव्या बेटावर कोण कुणाला हाक मारणार, हे त्यावरच ठरतं.

म्हणून माझं उत्तर असं: खेळात मारणं पाप नाही, लुटणं पाप नाही, ज्याने विश्वासाने पाठ फिरवली त्याच्या पाठीवर वार करणं पाप आहे, आणि पडदा मध्ये असल्याने ते उणं होत नाही. मुलगा किती तास खेळतो आणि किती जणांना मारतो, एवढंच आईबाप विचारतात. त्यांनी एक प्रश्न आणखी विचारावा: तुझ्यावर तिथे कोण विसंबून आहे, आणि तू त्याच्याशी कसा वागतोस? मुलाला तो प्रश्न लगेच कळेल. ज्याचा चेहरा दिसत नाही, नाव ठाऊक नाही, जो आपलं काही वाकडं करू शकत नाही, अशा माणसाला दिलेला शब्द पाळता येणं, ही धर्माची सगळ्यात कठीण कसोटी आहे. ती आज आमच्या पोरांपुढे रोज रात्री येते आहे, आणि तिला उतरण्याची ताकद त्यांच्यात आहे, असा माझा विश्वास आहे.